पारावरचा वर्ल्डकप : २०२७ चे सामने गावात मोठ्या पडद्यावर दाखवायचे तर

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२७ मध्ये पुरुषांचा एकदिवसीय वर्ल्डकप दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. गावात ‘यंदा पारावर पडदा लावू’ असं ठरलं की पहिली चौकशी होते ती प्रोजेक्टर कुणाकडे मिळेल याची. ती शेवटी केली तरी चालते. आधी घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ बसवा, मग लाइटीचं बघा. पडदा फसतो तो या दोनपैकी एका कारणाने. प्रोजेक्टर बिचारा उगाच शिव्या खातो.

आधी घड्याळ

तिन्ही यजमान देशांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे. तिथे सकाळी १० ला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी दीडला लागतो आणि तिथला दुपारी १ चा सामना आपल्याकडे साडेचारला. एका डावाला साडेतीन तास, मध्ये पाऊण तासाची सुट्टी आणि एका ओव्हरला सरासरी सव्वाचार मिनिटं, एवढ्यावर सगळा हिशेब बसतो.

दीडचा सामना घ्या. पहिला डाव पाचला संपतो, दुसरा पावणेसहाला सुरू होतो आणि सव्वानऊपर्यंत निकाल लागतो. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात मराठवाड्यात सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो त्याहून पंधरा-वीस मिनिटं उशिरा मावळतो आणि पडद्याची वेळही तेवढीच पुढे जाते. नांदेडला तो छत्रपती संभाजीनगरपेक्षा सुमारे आठ मिनिटं आधी मावळतो, तेव्हा किनवट-बिलोलीकडच्यांना पडदा थोडा लवकर लावता येतो. म्हणजे दीडच्या सामन्याचा अख्खा पहिला डाव उजेडात गेला. तो समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत टीव्हीवरच दाखवावा लागतो. सव्वासहाला पडदा दिसू लागतो, तोवर दुसऱ्या डावाच्या सात ओव्हर झालेल्या असतात. आमचा सल्ला असा की पॉवरप्लेच्या दहाही ओव्हर टीव्हीवर होऊ द्या आणि मगच माणसं बाहेर हलवा. सातव्या ओव्हरला उठवलं तर निम्मे उठतात, निम्मे बसून राहतात, आणि नेमकी त्याच गोंधळात विकेट पडते.

साडेचारच्या सामन्यात उलटं होतं. पडदा पहिल्या डावाच्या पंचविसाव्या ओव्हरच्या आसपास लागतो, दुसरा डाव पावणेनऊला सुरू होतो आणि सामना सव्वाबारापर्यंत चालतो. यातली अडचण आवाजाची आहे, ती पुढे येईल.

उजेडात पडदा का चालत नाही, ते आकड्यांत बघा. दहा फूट रुंद चित्राचं क्षेत्रफळ सव्वापाच चौरस मीटरच्या आत येतं. ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर जास्तीत जास्त ५७५ लक्सचा प्रकाश टाकतो. दुपारी झाडाच्या मोकळ्या सावलीत दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो, सूर्य मावळताना सुमारे चारशे, आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत तो तीन-चार लक्सवर येतो. तेव्हा दुपारी वडाच्या सावलीत, ताडपत्रीचा आडोसा करून पडदा लावायचा खटाटोप नको. हिरवळ राखाडी दिसते आणि चेंडू दिसतच नाही.

माणसं कधी येणार

हे दिवस सोयाबीनच्या काढणी-मळणीचे आणि रब्बीच्या पेरणीचे. दुपारी दीडला गावात म्हातारी माणसं आणि शाळा बुडवलेली लेकरं. खरी गर्दी सहानंतर, हातपाय धुऊन, चहा घेऊन. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीच्या पावसाचा भरवसा नाही, तेव्हा त्या दिवसांत पडदा आणि यंत्रं दहा मिनिटांत आत नेता येतील अशी मांडणी ठेवा. लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईची पोरं गावात असतात आणि गर्दी दुप्पट होते, पण घराघरावरच्या माळांनी पडदा फिका पडतो आणि फटाक्याच्या एका ठिणगीने फ्लेक्सला भोक पडतं. पडद्यासमोरच्या दहा-बारा घरांना सामन्यापुरत्या माळा बंद ठेवायला आधीच सांगा, फटाक्यांची जागा वेगळी नेमून द्या.

बीड जिल्ह्यात, विशेषतः पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर भागात, आणखी एक गोष्ट धरून चाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. नोव्हेंबरातल्या सामन्यांना मोठा मांडव घातला तर तो अर्धा रिकामा राहील. तिथे वर्गणी सगळ्या स्पर्धेची एकदम ठरवू नका, दोन टप्प्यांत ठरवा.

पडदा आणि जागा

शाळेची किंवा ग्रामपंचायतीची सपाट, उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची भिंत मिळत असेल तर कापड, बल्ल्या, दोऱ्या यांची कटकटच नाही. मावळतीचा उजेड अशा भिंतीवर थेट पडत नाही. गिलावा खडबडीत नसावा. पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात मारा आणि चारही बाजूंनी वीतभर काळी पट्टी ओढा. चकाकणारा ऑइलपेंट नको. त्यावर प्रोजेक्टरचा गोळा उमटतो आणि नेमका खेळपट्टीच्या जागी दिसतो.

भिंत नसेल तर मांजरपाट दुहेरी घ्या. एकेरीतून निम्मा प्रकाश पलीकडे निघून जातो. जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ चालते, पण पाठीमागून रस्त्याचा दिवा येत असेल तर निवडणुकीतल्या उमेदवाराचा चेहरा बॅट्समनच्या अंगावरून डोकावतो. काळ्या पाठीचा फ्लेक्स मिळाला तर त्याची मॅट बाजू पुढे करा. दर फुटावर रिंगा मारून घ्या. दोरी थेट रिंगेत बांधू नका, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. वाऱ्याच्या झोताला ट्यूब ताणली जाते आणि पडदा फाटत नाही. साठ चौरस फुटांचं कापड म्हणजे जहाजाचं शीडच. बल्ल्या दोन फूट गाडा आणि मागे दोन्ही बाजूंनी ताण द्या.

दहा फूट रुंद चित्र साडेपाच फुटांपेक्षा थोडं उंच होतं. त्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नाहीतर मागे बसलेल्यांना फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात. शेवटची रांग पडद्यापासून पस्तीस फुटांच्या आत हवी. त्यापलीकडे खालच्या पट्टीतला धावफलक वाचता येत नाही आणि मग ‘किती झाले, किती झाले’ सुरू होतं. पहिली रांग दहा फुटांवर, म्हणजे बसायला चोवीस-पंचवीस फूट खोल पट्टा उरतो. तेवढीच रुंदी धरली आणि माणशी सहा चौरस फूट दिले तर शंभरेक जण ताडपत्रीवर नीट बसतात. दोनशे येणार असतील तर चित्र मोठं करण्यापेक्षा दुसरीकडे एक टीव्ही लावा. चित्र दहाचं पंधरा फूट केलं की तोच प्रकाश सव्वादोन पट जागेवर पसरतो.

प्रोजेक्टर

खोक्यावर ‘९००० ल्युमेन’ लिहिलेले स्वस्त छोटे प्रोजेक्टर या कामाचे नाहीत. ‘अन्सी ल्युमेन’, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेला प्रकाश, किती ते विचारा. ते सांगता येत नसेल तर घेऊ नका. ३००० ते ३५०० अन्सी ल्युमेन पुरे. लग्नाच्या मांडवातून भाड्याने येणारे पुष्कळसे प्रोजेक्टर जुन्या चौकोनी आकाराचे असतात. त्यावर सामना लावला की वर-खाली काळे पट्टे येतात आणि पाव प्रकाश वाया जातो, म्हणजे ३००० चे २२५० च कामी येतात. अशा वेळी चित्र नऊ फुटांवर आणा.

अंतर ठरवायला प्रोजेक्टरचा थ्रो रेशो बघा, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट मागे तो ठेवायचा तो आकडा. तो १.५ असेल तर दहा फुटांच्या चित्राला पंधरा फूट मागे, १.८ असेल तर अठरा फूट. म्हणजे यंत्र बरोबर माणसांच्या मधोमध येतं. त्याला चार फूट उंच भक्कम टेबल, भोवती दोरी आणि शेजारी एक जबाबदार माणूस लागतो. बहुतेक प्रोजेक्टरचा झोत लेन्सच्या पातळीपासून वर जातो, म्हणून लेन्स पडद्याच्या खालच्या कडेच्या उंचीला ठेवली की चित्र सरळ बसतं. खालून तिरपा मारून कीस्टोनने चित्र ओढून सरळ केलं तर ते मऊ पडतं आणि अक्षरांच्या कडा जातात.

आता या भागातला खास शत्रू. मळणीयंत्राचं भुसकट ऑक्टोबरात गावावर धुक्यासारखं तरंगत असतं. प्रोजेक्टर पंख्याने हवा ओढतो, जाळीवर भुसकटाचा थर बसतो, यंत्र तापतं आणि ऐन चाळिसाव्या ओव्हरला आपोआप बंद होतं. लोक म्हणतात दिवा उडाला. दिवा शाबूत असतो. दर सामन्याआधी फिल्टरची जाळी काढून मऊ ब्रशने झाडा, पाण्याने धुवायची असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. खळं जवळ असेल तर यंत्राची हवा ओढणारी बाजू खळ्याकडे नको. गरम झाकण थंड करायला ओला कपडा टाकण्याचा उद्योग तर अजिबात नको.

पावसाची सर येऊन गेली की संध्याकाळी किडे पडद्यावर बसतात. पडद्यापासून तीस-चाळीस फुटांवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक प्रखर पांढरा दिवा लावा, त्याचा उजेड पडद्यावर येणार नाही असा. बरेच किडे तिकडे जातात.

चित्र कुठून आणायचं

मोबाइलच्या भरवशावर राहू नका. चांगल्या दर्जाचं प्रक्षेपण तासाला साधारण दीड-दोन जीबी खातं. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये पंधरा-वीस ओव्हर निघतात. शिवाय संध्याकाळी अख्खं गाव एकाच टॉवरवर लटकलेलं असतं.

छत्रीवरून येणारं प्रक्षेपण या कामाला खात्रीचं. त्यात दूरदर्शनची फ्री डिश सगळ्यात स्वस्त, महिन्याचं बिल नाही. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने खासगी वाहिनीला प्रसार भारतीसोबत वाटून घ्यावे लागतात. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय सामने आणि वर्ल्डकपच्या सेमीफायनल-फायनल त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे वाटून घेतलेलं प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावरच दिसतं, खासगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. ‘आमच्या डीटीएचवर दूरदर्शन लागतं, मग सामना का नाही’ या वादाचं उत्तर हेच. इतर देशांचे सामनेही दाखवायचे असतील तर मात्र पैसे भरूनच वाहिनी घ्यावी लागते.

सेट-टॉप बॉक्स प्रोजेक्टरच्या टेबलावरच ठेवा आणि छत्रीची जाड केबल तिथपर्यंत ओढा. बॉक्स पडद्याजवळ ठेवून लांब एचडीएमआय वायर टाकली की पंधरा मीटरवर चित्र तुटतं, ठिपके येतात. जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआय नसते, म्हणून बाजारातून व्हीजीएचा कन्व्हर्टर आणतात आणि पडदा काळा राहतो. वायर खराब नसते. कॉपी रोखणारं संरक्षण तसं चित्र पुढे जाऊ देत नाही. तेव्हा एचडीएमआयचाच प्रोजेक्टर आणा, आणि तो आदल्या संध्याकाळी त्याच बॉक्सला जोडून बघा.

मोबाइलवरचं प्रक्षेपण छत्रीपेक्षा बरंच मागे चालतं, कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. पडदा मोबाइलच्या जोडणीवर असेल तर शेजारच्या गल्लीतून विकेटचा आरडाओरडा आधी येतो आणि इथे बॉलर अजून रनअपवर असतो. छत्री वापरायला हे एकच कारणही पुरेसं आहे.

लाइट

तीनशे वॉटचा प्रोजेक्टर, बॉक्स आणि साधा अॅम्प्लिफायर मिळून चारशे वॉट होतात. आठ तास चालवलं तरी सव्वातीन युनिटच्या आत. एवढ्यासाठी तारेवर आकडा टाकणारे बहाद्दर असतात. तो वीज कायद्याच्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि खांबाखाली शंभर माणसं बसवून केलेला मूर्खपणाही. ग्रामपंचायतीच्या किंवा एखाद्या घरच्या मीटरवरून अधिकृत जोडणी घ्या, अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग असल्याशिवाय काहीही सुरू करू नका. दव पडलेल्या जमिनीवर अनवाणी लेकरं धावत असतात.

रब्बीचे पंप एकाच डीपीवर असतील तर संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० पर्यंत पडतं, म्हणून स्टॅबिलायझर हवा. दिव्याच्या प्रोजेक्टरची लाइट अचानक गेली की पंखाही थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. म्हणून प्रोजेक्टर इन्व्हर्टरमार्गेच जोडा, तोही साइन वेव्हचा. दुसऱ्या प्रकारच्या इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर घूंघूं करतो.

इन्व्हर्टरवर किती वेळ निघेल? १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. तिची साठ टक्केच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये वीस टक्के गळती धरायची, तर हातात साडेआठशे उरतात. चारशे वॉटवर दोन तास. तोच भार ४३ इंची टीव्ही आणि बॉक्सचा, म्हणजे एकशेदहा वॉटचा असेल तर साडेसात तास. म्हणून लाइट गेली आणि ती तासाभरात येईलसं दिसत नसलं तर हट्ट सोडा, पडदा बंद करून टीव्ही बाहेर आणा. जनरेटर आणलाच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला पन्नास फुटांवर ठेवा आणि पेट्रोल तो बंद करूनच भरा.

आवाज, परवाना, पैसे

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. दहाच्या आतल्यासाठीही पोलीस ठाण्याची परवानगी लागते. अर्ज आठवडाभर आधी, सामन्यांच्या तारखा लिहून, ग्रामपंचायतीच्या संमतीपत्रासह द्या. साडेचारच्या सामन्यात रात्री १० वाजता दुसऱ्या डावाच्या जेमतेम अठरा ओव्हर झालेल्या असतात. तिथून पुढे कर्णे बंद. एकतर सभागृहात टीव्हीवर जा, नाहीतर मुका पडदा बघा. मुक्या पडद्यावर क्रिकेट वाईट लागत नाही, उलट समालोचनाला गावात माणसं कमी नाहीत.

तिकीट लावू नका. पैसे घेऊन प्रक्षेपण लोकांना दाखवणं हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार उल्लंघन ठरतं. घरगुती डीटीएच जोडणीही घरापुरतीच असते, म्हणून सार्वजनिक कार्यक्रमाआधी वाहिनीकडून लेखी परवानगी घ्या. पडद्यापाशी एखाद्या खतवाल्याचा ‘सौजन्य’ फलक आणि स्पर्धेचं बोधचिन्ह एकत्र लावण्याचा मोह टाळा.

फळा

पडद्याशेजारी खडूचा फळा हवाच. १४ संघ, सातचे दोन गट. गटात प्रत्येकाचे सहा सामने, म्हणजे दोन्ही गटांत मिळून ४२. प्रत्येक गटातले तीन सुपर सिक्समध्ये, तिथे समोरच्या गटातल्या तिघांशी सामने, ते ९. मग दोन सेमीफायनल आणि फायनल, एकूण ५४. २००३ चा वर्ल्डकप आठवणाऱ्यांना ही रचना ओळखीची आहे. तोही आफ्रिकेतच होता, तेव्हाही १४ संघ आणि सुपर सिक्स, आणि जोहान्सबर्गच्या फायनलला ऑस्ट्रेलियाचे ३५९.

गट मोठे असल्याने तिसऱ्या जागेसाठी नेट रनरेटवर, म्हणजे आपल्या धावगतीतून समोरच्यांची वजा करून येणाऱ्या आकड्यावर, भांडणं होणार. तो फळ्यावर हाताने काढा. समजा आपण ५० ओव्हरमध्ये २८७ केले आणि समोरचे ४६.३ ओव्हरमध्ये २४१ वर सर्वबाद. सर्वबाद झालेल्यांच्या ओव्हर पूर्ण ५० धरायच्या. २८७ भागिले ५० म्हणजे ५.७४, २४१ भागिले ५० म्हणजे ४.८२, फरक अधिक ०.९२. इथे ४६.३ ने भागणारा हमखास निघतो आणि त्याचा आकडा कमी येतो.

दुसऱ्या सामन्यात समोरच्यांचे ५० ओव्हरमध्ये २४१, आपण ३८.२ ओव्हरमध्ये २४२. इथे ३८.२ म्हणजे ३८ ओव्हर २ चेंडू, भागाकाराला ३८.३३३. येतो ६.३१३, वजा ४.८२, अधिक १.४९३. आता दोन्ही सामन्यांची सरासरी काढली की १.२०७ येते, आणि ती चूक. सगळ्या धावा आणि सगळ्या ओव्हर एकत्र करायच्या. आपल्या ५२९ धावा ८८.३३३ ओव्हरमध्ये, म्हणजे ५.९८९. समोरच्यांच्या ४८२ धावा १०० ओव्हरमध्ये, म्हणजे ४.८२. खरा आकडा १.१६९. म्हणून फळ्यावर प्रत्येक संघापुढे चार रकाने आखा : केलेल्या धावा, खेळलेल्या ओव्हर, दिलेल्या धावा, टाकलेल्या ओव्हर. नुसता रनरेट लिहून ठेवला तर पुढच्या सामन्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

जोहान्सबर्ग, सेंच्युरियनच्या पठारावर या महिन्यांत दुपारनंतर विजांचा पाऊस येतो. तिथले तीन-चार म्हणजे आपल्याकडे साडेसहा-साडेसात, ऐन गर्दीच्या वेळी. खेळ थांबला की प्रोजेक्टर लगेच बंद-चालू करू नका. अर्ध्या तासात सुरू होईलसं वाटत असेल तर चालूच ठेवा, बटणाने नुसतं चित्र झाका. दुसऱ्या संघाला किमान २० ओव्हर खेळायला मिळाल्याशिवाय डकवर्थ-लुईस-स्टर्नने (पावसाने अर्धवट राहिलेल्या सामन्याच्या हिशेबाच्या पद्धतीने) निकाल लागत नाही, हे फळ्यावर वर लिहून ठेवा. रात्रीची निम्मी भांडणं त्यावरच मिटतात.

शेवटचा चेंडू पडला की प्रोजेक्टर रिमोटने बंद करा, पंखा आपोआप थांबेपर्यंत पाच मिनिटं वायर काढू नका. नोव्हेंबरात दहानंतर दव पडतं, मांजरपाट ओलसर होऊन झोळ पडतो. तो तसाच गुंडाळला तर आठ दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. रात्री समाजमंदिरात दोरीवर टांगून ठेवा, सकाळी उन्हात वाळवून मग घडी घाला. फळ्याचा फोटो काढून ठेवा, सकाळी तो शाळेला लागतो.